तेओनानाकात्ल : पोथींतील नांव, घरांतील लागवड आणि सोमाचा प्रश्न

जुन्या ग्रंथांत आलेल्या वनस्पतीची ओळख पटविणें हें आपल्याकडील संशोधकांस नवें काम नाहीं. निघंटु, श्रौतसूत्रें, वैद्यकाचीं बाडें यांत जीं नांवें येतात, त्यांपैकीं कित्येकांचा अर्थ टीकाकारांच्या काळींच हरवलेला असतो. आणि मग प्रत्येकजण आपापल्या बुद्धीप्रमाणें एक एक झाड पुढें करतो. यांत खरें कोणतें हें ठरविण्याची कसोटी कोणती, याचा विचार मात्र फारसा होत नाहीं. मेक्सिको देशांत अशा एका नांवाचा निकाल विसाव्या शतकांत लागला. तो कसा लागला, त्यांत पोथीचा वांटा किती आणि तें उगवून दाखविणारांचा वांटा किती, हें पाहण्यासारखें आहे. शिवाय त्याच निकालाच्या जोरावर पुढें आपल्या सोमाविषयीं एक मोठा पक्ष उभा राहिला. म्हणून हा विषय दूरदेशचा असला तरी आमच्या वाचकांस परका वाटूं नये.

तें नांव 'तेओनानाकात्ल'. मेक्सिकोच्या पठारावरील आझ्तेक लोकांच्या नावात्ल भाषेंत 'तेओत्ल' म्हणजे देव आणि 'नानाकात्ल' म्हणजे भूछत्र, आपल्या बोलींतील अळंबें. 'नाकात्ल' म्हणजे मांस. त्याच्या आद्य अवयवाचें द्वित्व होऊन 'नानाकात्ल' झालें असें व्युत्पत्ति सांगतात. संस्कृताच्या अभ्यासकास येथें 'अभ्यास' या संज्ञेची आठवण होईल. मोतोलिनिआ नांवाच्या फ्रान्सिस्कन साधूनें सोळाव्या शतकांत या शब्दाचा अर्थ 'देवाचें मांस' असा दिला, आणि तेवढ्यावरून त्यास त्यांत ख्रिस्ती प्रसादविधीची विटंबना दिसली. आमच्या मतें 'दैवी अळंबें' एवढा अर्थ पुरेसा आहे. मांस हा अर्थ शब्दाच्या मुळांत असला तरी बोलणाराच्या मनांत असेलच असें नाहीं. 'कुशल' म्हणतांना कुश कापून आणणारा कोणाच्या डोळ्यांपुढें उभा राहतो?

या शब्दाविषयींचा सर्वांत भरंवशाचा आधार म्हणजे बेर्नार्दिनो दे साआगून याचा ग्रंथ. हाही फ्रान्सिस्कन साधु. तो १५२९ सालीं मेक्सिकोंत आला आणि १५९० सालीं तेथेंच वारला. त्लातेलोल्को येथील विद्यालयांत तयार झालेले नावात्ल तरुण हाताशीं घेऊन, वृद्ध व जाणत्या लोकांस प्रश्न विचारावे आणि त्यांचीं उत्तरें त्यांच्याच भाषेंत लिहून घ्यावीं, हा क्रम त्यानें अनेक वर्षें चालविला. त्याचें फळ म्हणजे बारा भागांचा एक प्रचंड ग्रंथ होय. १५७७ च्या सुमारास पुरी झालेली त्याची सचित्र प्रत इटलींत फ्लॉरेन्स येथील मेदिची घराण्याच्या ग्रंथालयांत आहे. पानाच्या एका रकान्यांत नावात्ल मजकूर व दुसऱ्यांत स्पॅनिश, असा तिचा घाट आहे. दोन्ही रकाने शब्दशः जुळत नाहींत. स्पॅनिश मजकूर कोठें आंखडता आहे, कोठें त्यांत साधूचा उपदेश मिसळला आहे. म्हणून ज्यास मूळ साक्ष पाहिजे त्यानें नावात्ल रकान्याकडेच गेलें पाहिजे. १५७७ सालींच स्पेनचा राजा दुसरा फिलिप यानें हीं लिखाणें हस्तगत करण्याचा हुकूम सोडला, आणि त्यानंतर अडीच शतकें ग्रंथ छापला गेला नाहीं. स्पॅनिश भाग मेक्सिकोंत १८२९ सालापासून छापून निघूं लागला.

या ग्रंथाच्या नवव्या भागांत व्यापाऱ्यांच्या एका मेजवानीचें वर्णन आहे. रात्रीं पाहुणे जमल्यावर प्रथम अळंबीं मधाबरोबर खावयास देत. दुसरें अन्न त्या वेळीं खात नसत, केवळ कोको घेत. मग कोणी नाचूं लागे, कोणी रडूं लागे, कोणी आपल्या जागीं मान घालून बसून राही. एकास आपण लढाईंत पकडले जाऊं असें दिसे, दुसऱ्यास श्वापद आपणांस खाईल असें, तिसऱ्यास आपण धनवान् होऊन गुलाम विकत घेऊं असें. अंमल उतरल्यावर ते एकमेकांस आपण काय पाहिलें तें सांगत. हें वर्णन इतकें तपशीलवार आहे कीं तें कल्पनेनें रचलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. अकराव्या भागांत वनस्पतींची माहिती आहे. तेथें तेओनानाकात्ल माळावर गवतांत उगवतें, त्याचा माथा लहान व वाटोळा असून देंठ लांब व बारीक असतो, तें कडू असून घशास झोंबतें, दोन-तीनच खावयाचीं असतात, आणि ज्वर व सांध्यांचें दुखणें यांवर तें औषध आहे, असें सांगितलें आहे. शेजारीं चित्र आहे. अळंब्यांच्या वर पक्ष्यासारखीं नखें असलेली एक पिशाचवजा आकृति काढलेली आहे. चित्रकार नावात्ल होता, पण तोपर्यंत त्याचा हात युरोपी वळणावर गेला होता, हें त्या पिशाचावरून उघड दिसतें.

पुढील युक्तिवादास उपयोगी म्हणून येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. याच अकराव्या भागांत 'पेयोत्ल' नांवाच्या दुसऱ्या मादक वनस्पतीची निराळी नोंद आहे. ती उत्तरेकडील रुक्ष प्रदेशांत होते असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. ती एक बिनकांट्याचें लहान निवडुंग होय. एकाच प्रकरणांत दोन नांवें, दोन स्थानें, दोन आकार.

साआगून एकटाच नाहीं. दिएगो दुरान या लेखकानें दुसऱ्या मोक्तेसुमाच्या राज्यारोहणप्रसंगीं, म्हणजे १५०२ सालीं, पाहुण्यांस अळंबीं दिल्याचें लिहिलें आहे. दुसऱ्या फिलिपचा राजवैद्य फ्रान्सिस्को एर्नान्देस यानें १५७७ पर्यंत मेक्सिकोंत राहून वनस्पतींची जी पाहणी केली, तींत मादक अळंब्यांचे तीन प्रकार सांगितले. त्यांपैकीं 'तेइविन्ती' खाल्ल्यास हंसूं आवरत नाहीं असें त्याचें म्हणणें. एर्नान्देसच्या मूळ बाडांचें काय झालें हें ऐकून आमच्या संग्राहक मित्रांस हळहळ वाटेल. एस्कोरिआलच्या राजग्रंथालयांत तीं ठेवलीं होतीं, आणि १६७१ च्या आगींत तीं जळालीं. रोम येथें १६५१ सालीं छापलेला संक्षेप आणि माद्रिदमध्यें पुढें सांपडलेले कच्चे खर्डे यांवरच आज भागवावें लागतें. सतराव्या शतकांत हासिन्तो दे ला सेर्ना या पाद्र्यानें १६५६ च्या आपल्या ग्रंथांत असलीं अळंबीं डोंगरांतून आणून गुप्तपणें विधि करणाऱ्यांची तक्रार केली आहे. त्याचा हेतु त्यांस शासन करण्याचा होता. पण फिर्यादीच्या कागदांतच पुष्कळदां उत्तम इतिहास सांपडतो, हें पेशवे दफ्तर चाळणारांस सांगावयास नको.

यानंतर अडीचशें वर्षें शांतता. १९१५ सालीं विल्यम सॅफर्ड या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं, मादक अळंबें म्हणून कांहीं नव्हतेंच. तीन शतकांत कोणास तें सांपडलें नाहीं. पेयोत्लाच्या वाळलेल्या चकत्या वाळलेल्या अळंब्यासारख्या दिसतात. आझ्तेकांचें वनस्पतिज्ञान अपुरें. तेव्हां तेओनानाकात्ल म्हणजे वाळलेलें पेयोत्लच. सॅफर्ड लहान विद्वान् नव्हता, आणि त्याचें मत वीस वर्षें ग्राह्य धरलें गेलें. आपल्याकडील मीमांसक असता तर त्यानें लगेच विचारलें असतें कीं ही अनुपलब्धि योग्य आहे काय? वस्तु असती तर ती दिसलीच असती, अशी सामग्री जेथें असेल तेथेंच न दिसण्यावरून अभाव सिद्ध होतो. सॅफर्डनें पावसाळ्यांत वाहाका प्रांताच्या डोंगरांत जाऊन शोध केला आणि तें मिळालें नाहीं असें नाहीं. ज्या लोकांपाशीं तें होतें त्यांस दोन शतकांच्या छळानें गप्प बसावयास शिकविलें होतें. शिवाय ज्या ग्रंथांत दोन वनस्पति शेजारीं शेजारीं निराळ्या सांगितल्या आहेत, त्या ग्रंथाच्या कर्त्यांस त्या एकच वाटत होत्या असें म्हणावयास मोठें धैर्य लागतें. वाळलेली चकती पाहून परका फसेल, पण गवतांतून ओलें अळंबें तोडून आणणारा कसा फसेल?

सॅफर्डच्या विरुद्ध प्रथमपासून बोलणारा मनुष्य म्हणजे ब्लास पाब्लो रेको हा ऑस्ट्रियांत जन्मलेला वैद्य. नानाकात्ल हें अळंबेंच आहे आणि तें आजही वापरांत आहे, असें तो सांगत राहिला. १९३६ सालीं रॉबर्ट वाइटलानर या संशोधकास वाहाका प्रांतांतील वाउत्ला या मासातेक लोकांच्या गांवीं प्रत्यक्ष नमुने मिळाले. ते रेकोमार्फत हार्वर्ड विद्यापीठांत पोंचले तेव्हां इतके खराब झाले होते कीं जाति ठरवितां आली नाहीं. १९३८ सालीं रिचर्ड शुल्टेस हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ रेकोबरोबर वाउत्ल्यास गेला, चांगले नमुने घेऊन आला आणि १९३९ सालीं त्यानें तेओनानाकात्ल हें अळंबेंच असल्याचें प्रसिद्ध केलें. इतकें झाल्यावरही प्रश्न पुरा सुटला नव्हता, कारण त्यानें ठरविलेली जाति पुढें चुकीची, निदान गौण, ठरली; त्याच्याच संग्रहांत मिसळलेल्या दुसऱ्या जाति अधिक महत्त्वाच्या निघाल्या. पण नांव आणि जिवंत वापर यांची गांठ त्यानें घातली, हें त्याचें श्रेय कायम राहतें.

पुढील हकीकत बहुश्रुत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या पेढींतील अधिकारी गॉर्डन वॅसन आणि त्याची रशियांत जन्मलेली डॉक्टर पत्नी वालेन्तिना यांस अळंब्यांविषयींच्या निरनिराळ्या समाजांतील समजुतींचा छंद होता. १९५३ पासून ते मेक्सिकोंत जाऊं लागले. २९ जून १९५५ च्या रात्रीं वाउत्ला येथें मारिआ साबिना नांवाच्या मासातेक बाईनें वॅसन व त्याचा छायाचित्रकार सोबती यांस आपल्या विधींत भाग दिला. १३ मे १९५७ च्या 'लाइफ' साप्ताहिकांत वॅसननें तें वर्णन छापलें. त्यांत बाईचें व गांवाचें नांव त्यानें बदललें होतें. तरी गुप्तता राहिली नाहीं. पुढील दहा-बारा वर्षांत परदेशी तरुणांची रीघ लागली. पोलीस आले, बाईचें घर जाळण्यांत आलें, गांवानें तिला दोष दिला. १९८५ सालीं ती वारली. परके आल्यापासून अळंब्यांचें सामर्थ्य गेलें असें तिनें उतारवयांत आपल्या आत्मवृत्तांत सांगितलें आहे. संग्राहक म्हणून आम्हांस ही गोष्ट टोंचते. ज्याच्या देवघरांतून पोथी आणावयाची, त्याच्या घरावर तिच्या प्रसिद्धीचा परिणाम काय होईल, हा विचार पोथी आणणारानें आधीं करावयाचा असतो.

आतां लागवडीकडे येऊं. वॅसनबरोबर १९५६ सालीं पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाचा संचालक रॉजर हाइम मेक्सिकोस गेला. हा त्या काळचा अळंब्यांचा मोठा जाणता. त्यानें केवळ वाळलेले नमुने आणले नाहींत, बीजाणूही आणले, आणि रॉजर कायो या सहकाऱ्याच्या साहाय्यानें तीं अळंबीं पॅरिसच्या प्रयोगशाळेंत उगवून दाखविलीं. हें पॅरिसमध्यें व्हावें यांत नवल नाहीं. अळंब्यांची मशागत त्या शहरास जुनी. तुर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञानें १७०७ सालीं तिच्यावर निबंध लिहिला होता, पुढें शहराखालच्या दगडखाणींच्या भुयारांत खाण्याच्या अळंब्यांचे वाफे लागले, आणि १८९४ च्या सुमारास कोस्तांतँ व मात्रुशो या दोघांनीं शुद्ध बीज प्रयोगशाळेंत तयार करण्याची वाट दाखविली. जी विद्या पाकशाळेसाठीं वाढली ती येथें ग्रंथार्थनिर्णयाच्या कामीं आली.

लागवडीनें दोन गोष्टी साधल्या. पहिली जातिनिर्णयाची. रानांत एका टोपलींत चार प्रकार मिसळतात, आणि एकच प्रकार जागेप्रमाणें रूप पालटतो. पण एका बीजाणूंपासून वाढविलेलें अळंबें आपलें लक्षण लपवूं शकत नाहीं. त्यामुळें विधींत वापरलीं जाणारीं अळंबीं एक नसून अनेक जातींचीं आहेत, आणि त्यांत सिलोसायबी या कुळांतील जाति मुख्य आहेत, हें ठरलें. दुसरी गोष्ट द्रव्याची. हाइमनें उगवलेल्या 'सिलोसायबी मेक्सिकाना' या जातीचीं वाळलेलीं अळंबीं स्वित्झर्लंडमध्यें बाझेल येथें सांदोझ कारखान्यांतील रसायनज्ञ आल्बर्ट होफमान याजकडे गेलीं. जनावरांवरील प्रयोगांत कांहीं कळेना, तेव्हां त्यानें स्वतःवर प्रयोग केला. आणि १९५८ सालीं सिलोसायबिन व सिलोसिन हीं द्रव्यें निराळीं काढून पुढें तीं कृत्रिम रीतीनेंही बनविलीं. १९६२ सालीं होफमान व वॅसन त्या द्रव्याच्या गोळ्या घेऊन मारिआ साबिनाकडे गेले. गोळ्या घेऊन रात्रीं विधि झाला, आणि अळंब्यांत जें आहे तेंच यांत आहे असा तिनें निर्वाळा दिला. पुराव्याची साखळी येथें पुरी झाली. सोळाव्या शतकांतील शब्द, विसाव्या शतकांतील वापर, ओळखलेली जाति, उगवलेलें पीक, निघालेलें द्रव्य, आणि शेवटीं ज्या परंपरेचा तो शब्द त्याच परंपरेंतील जाणतीची साक्ष. इतका पुरावा एखाद्या वैदिक वनस्पतीविषयीं मिळाला तर आम्ही धन्य मानूं.

पण प्रयोगशाळेंत जें उगवतें तें घरांतही उगवूं शकतें, हें लोकांच्या ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. अमेरिकेंत १९७० च्या कायद्यानें सिलोसायबिन सर्वांत कडक निर्बंधाच्या यादींत गेलें. १९७१ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या करारानें तें इतर देशांतही नियंत्रणाखालीं आलें. भारतांत तें १९८५ च्या अमली पदार्थांसंबंधींच्या कायद्याच्या परिशिष्टांत नमूद आहे. निर्बंध आल्यावर लागवड प्रयोगशाळेंतून माजघरांत गेली. १९७६ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कली येथें तिच्यावर एक लहान पुस्तक निघालें. त्यावर कर्त्यांचीं टोपणनांवें होतीं. खरे कर्ते टेरेन्स व डेनिस मकेना हे भाऊ होत. १९७१ सालीं ते कोलंबियाच्या अरण्यांत गेले होते आणि तेथून बीजाणू घेऊन आले होते. त्यांनीं नवी विद्या शोधली असें नाहीं. खाण्याच्या अळंब्यांसाठीं १९७१ सालींच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगशाळेच्या पद्धतीस त्यांनीं स्वयंपाकघराचें रूप दिलें. भुयारांतील माळ्यांची विद्या शास्त्रज्ञांकडे गेली, शास्त्रज्ञांची पुन्हा अनामिक गृहस्थांकडे आली. १९८३ सालीं पॉल स्टॅमेट्स व चिल्टन यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांत खाण्याचीं व मादक दोन्ही अळंबीं एकाच पंक्तीस बसविलेलीं आहेत. अलीकडे हवा पालटली आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो संस्थानांत २०२२ च्या लोकमतानें एकवीस वर्षांवरील मनुष्यास स्वतःपुरती लागवड करण्यास मोकळीक मिळाली. लागवडीची कृति सांगणें हा आमचा विषय नव्हे. घरांत उगवलें जातें तें अळंबें कोणतें, एवढाच प्रश्न आम्हांस विचारावयाचा आहे.

कारण तें साआगूनचें अळंबें नव्हे. मकेना बंधूंनीं प्रसार केला तो 'सिलोसायबी क्यूबेन्सिस' या जातीचा. ती जाति शास्त्रांत प्रथम १९०६ सालीं क्यूबा बेटांतील नमुन्यांवरून वर्णिली गेली, म्हणून तिचें हें नांव. ती दांडगी, घेरदार, जाड देंठाची, आणि गुरांच्या शेणावर उगवणारी. थोड्या मेहनतींत वाढते, म्हणूनच ती घरोघर गेली. साआगूनच्या ग्रंथांतील अळंबें मात्र लहान माथ्याचें, बारीक देंठाचें, गवतांत उगवणारें. त्याशीं 'सिलोसायबी मेक्सिकाना' ही जाति जुळते. शिवाय अमेरिकेंत गाईबैल नव्हते. ते स्पॅनिश लोकांनीं आणले. व्यापाऱ्यांच्या ज्या मेजवान्या साआगूनच्या वृद्ध साक्षीदारांनीं सांगितल्या, त्या स्पॅनिश येण्यापूर्वींच्या. तेव्हां त्या काळीं शेणावरच्या अळंब्यास मान असणें संभवत नाहीं. साआगूननें लिहिलें तोंवर गुरें वाढलीं होतीं, हा आक्षेप घेतां येईल. पण मग वर्णनांत शेणाचा उल्लेख यावयास हवा होता, तो नाहीं.

याला एक सुंदर पुरावा खुद्द वाउत्ला गांवच्या बोलींत आहे. तेथें लहान गवताळ अळंब्यांस स्पॅनिश भाषेंत 'पाखरें' म्हणतात. दरडी कोसळलेल्या जागीं उगवणाऱ्या एका जातीस 'दरड' म्हणतात. आणि शेणावरच्या जातीस 'सान इसिद्रो'. सान इसिद्रो हा नांगऱ्यांचा ख्रिस्ती संत, त्याच्या मूर्तीजवळ बैलांची जोडी असते. दोन अळंब्यांचीं नांवें रूपावरून व जागेवरून पडलीं, तिसऱ्याचें बैलांबरोबर आलेल्या संतावरून. गांवकऱ्यांनीं नकळत तिच्या आगमनाचा दाखला नांवांत नोंदवून ठेवला आहे. 'बटाटा' किंवा 'पपई' या शब्दांवरून आपण जें अनुमान करतों तेंच येथेंही करावयाचें. म्हणून घरांतील पीक पाहून पोथीचा अर्थ लावणें म्हणजे आजच्या मिरचीवरून यादवकालीन स्वयंपाकाची कल्पना करणें होय.

हा विवेक सुटला म्हणजे काय होतें, हें सोमाच्या प्रकरणांत दिसतें. टेरेन्स मकेना यानें १९९२ च्या आपल्या ग्रंथांत सोम म्हणजे हेंच शेणावरचें अळंबें, असें सुचविलें. वैदिक लोक गाईस मानीत, आणि हें अळंबें गाईच्या शेणावर होतें, हा त्याचा मुख्य आधार. यावर अधिक लिहिण्याची गरज आम्हांस वाटत नाहीं. ऋग्वेदांत सोमाचें स्थान पर्वत आहे, गोठा नव्हे. गाईचा संबंध येतो तो दुधादह्याशीं मिसळण्यापुरता.

वॅसनचा पक्ष याहून पुष्कळ विचारपूर्वक मांडलेला आहे. १९६८ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें सोम म्हणजे उत्तरेकडील भूर्जवृक्षांखालीं उगवणारें, तांबड्या माथ्यावर पांढरे ठिपके असलेलें 'अमानिता मुस्कारिआ' हें अळंबें, असें मांडलें. संस्कृत साधनांसाठीं त्यास वेंडी डोनिगर या विदुषीचें साह्य होतें. त्याचे दोन मुद्दे प्रमुख. सोमाचीं पानें, मुळें, फुलें व बीं यांचें वर्णन ऋग्वेदांत कोठें नाहीं. आणि नवव्या मंडलाच्या चौऱ्याहत्तराव्या सूक्तांतील चौथ्या ऋचेंत सोम मूत्ररूपानें बाहेर पडण्याचा उल्लेख आहे, जसें सायबेरियांत हें अळंबें खाणाऱ्याचें मूत्र दुसरे पीत. पहिला मुद्दा म्हणजे सॅफर्डचीच अनुपलब्धि, दुसऱ्या वेषांत. नवव्या मंडलाचे कवि गातात तो गाळल्या जाणाऱ्या रसाचा सोहळा. लोंकरीच्या गाळण्यांतून द्रोणांत उतरणाऱ्या रसाची स्तुति करतांना पान कसें होतें हें सांगण्याची त्यांस काय गरज? उसाच्या रसावर गाणें करणारा पात्याचें वर्णन करीलच असें नाहीं. दुसऱ्या मुद्द्यांत 'मिह्' धातूचा अर्थ लघ्वी करणें असाच धरला आहे. परंतु याच धातूपासून मेघ शब्द झाला आहे, आणि ऋग्वेदांत तो वृष्टीच्या अर्थानें येतो. मरुतांनीं पाऊस पाडला असा सरळ अर्थ तेथें लागतो. जॉन ब्रफ यानें १९७१ सालीं वॅसनच्या पक्षाचें जें विस्तृत परीक्षण केलें, तें वाचल्यावर आमच्या मनांतील उरलासुरला संशय गेला. सवनांत दगडांखालीं कुटला जाणारा 'अंशु' हा तंतु किंवा कांडें असावा. अळंब्यास तें नांव शोभत नाहीं. इराणी शाखेंतील हओमाच्या जागीं पारशी मंडळी एफेड्रा या वनस्पतीच्या काड्या आजही वापरतात, हा तेथील जिवंत आचार तर दुर्लक्ष करण्यासारखा नाहींच.

आपल्या बाजूस वॅसननें मनुस्मृतीचाही आधार घेतला. पांचव्या अध्यायांत द्विजांस कवकें वर्ज्य सांगितलीं आहेत. एके काळीं पवित्र होतीं म्हणूनच पुढें निषिद्ध झालीं, असा त्याचा रोंख. पण त्याच श्लोकांत लसूण व कांदा यांचा निषेध आहे, आणि कारणही तेथेंच दिलें आहे: अपवित्र जागीं उगवणें. या न्यायानें उद्यां कोणी सोम म्हणजे कांदा असें म्हटलें तर त्याचें तोंड कसें धरावयाचें?

एक प्रश्न मात्र आम्ही खुला मानतों, तो पूतीकाचा. सोम न मिळाल्यास प्रतिनिधि म्हणून ब्राह्मणग्रंथांत ज्या वनस्पति सांगितल्या, त्यांत पूतीक एक आहे, आणि प्रवर्ग्य विधींतील महावीर पात्राच्या मातींतही तो मिसळतात. स्टेला क्रामरिश या विदुषीनें १९७५ सालीं एका लेखांत पूतीक म्हणजे एक अळंबें असें मांडलें. संथाळ लोकांत 'पुटका' नांवाचें एक अळंबें आहे, त्यास जीव असतो अशी त्यांची समजूत आहे, आणि वॅसन व हाइम यांनीं संथाळांत जाऊन त्याची चौकशी केली होती. अमरकोशांत पूतीक हें करंजाच्या एका प्रकाराचें नांव आहे, आणि दोन भिन्न कुळांच्या भाषांतील दोन शब्दांचें साम्य हा स्वतः पुरावा नव्हे. तरीही हा मार्ग सोमाविषयींच्या मार्गाहून चांगला आहे, कारण तो बोलीकडे, जिवंत वापराकडे आणि हातांत धरतां येणाऱ्या वस्तूकडे जातो. वाउत्ला येथें यश आलें तें याच मार्गानें.

महाराष्ट्रांत सोमयाग अखंड चालत आले आहेत, आणि येथें प्रतिनिधि म्हणून वापरली जाते ती सोमवल्ली ही पानें नसलेली, पांढऱ्या चिकाची वेल. पुण्याच्या महाविद्यालयांत १८५९ ते १८६६ पर्यंत संस्कृताचे अध्यापक असलेले मार्टिन हौग यांनीं ऐतरेय ब्राह्मणाच्या १८६३ च्या आवृत्तींत नमूद केलें आहे कीं, येथील याज्ञिकांनीं काढलेला रस त्यांनीं स्वतः चाखला, तो इतका वाईट लागला कीं थोड्या चमच्यांपलीकडे घेववेना, आणि दक्षिणेंतील याज्ञिकांची ही वनस्पति वेदांतील सोम नव्हे. आमच्या समजुतीप्रमाणें याज्ञिकांनींही तसा दावा कधीं केला नव्हता. प्रतिनिधि तो प्रतिनिधि. पण प्रतिनिधि कोणता घ्यावा, कोणत्या डोंगरावरून आणावा, त्यास कोणत्या गांवीं काय म्हणतात, हें प्रयोगाच्या पोथ्यांच्या समासांत पुष्कळदां कोणीतरी मराठींत खरडून ठेवलेलें असतें, आणि छापतांना संपादक तें गाळतात. ज्यांच्या संग्रहीं अग्निष्टोमप्रयोगाचीं किंवा प्रवर्ग्याचीं बाडें असतील त्यांनीं पूतीक, आदार, फाल्गुन या नांवांशेजारचीं देशी नांवें, लेखनकाल व गांव यांसह उतरून मंडळाकडे पाठवावींत, अशी आमची विनंति आहे. पान फाटलेलें असल्यास फाटलेल्या जागेसह नक्कल करावी. तर्कानें अक्षर भरूं नये.